कोशिंबीर डावीकडे

९ फेब्रुवारी, रविवार

आज शौनकची मुंज झाली. शौनक म्हणजे माझ्या नणंदेचा नातू. वय आठ, आणि सबंध समारंभात त्याला एकच काळजी, की डोक्यावर केस नक्की किती ठेवणार.

हॉलच्या दारात एक टकलू गृहस्थ पुढे आले. "बाई, मला नसेल ओळखलं तुम्ही." म्हटलं, "सलिल. सातवी ब. गोदावरी अरबी समुद्रात नेऊन सोडली होतीस." बिचारा बायकोसमोर लाजला. भूगोल शिकवून निवृत्त झाले त्याला कितीतरी वर्षं झाली, पण एकदा पाहिलेला चेहरा मी विसरत नाही. माझ्या नवऱ्याचं, सुधीरचं, बरोबर उलटं आहे. त्यांनी आज एका अनोळखी माणसाला मुलाचा मामा समजून मिठी मारली. तो हॉलचा मॅनेजर निघाला.

नणंदेने हौसेने पंगत मांडली होती, केळीच्या पानांसकट. वाढप्याने माझ्या पानात कोशिंबीर उजवीकडे वाढली. मी सोडते की काय! "अरे, कोशिंबीर डावीकडे. उजवी बाजू भाजीची." तो वाकलेला तसाच थांबला आणि माझ्याकडे बघून हसला. एका भुवईत चीर होती, लहानपणी कुठेतरी आपटला असणार. "चुकलं काकू. बोटाने दाखवा, तिथेच वाढतो." मी दाखवलं. जिलबी आणली तेव्हा मुद्दाम विचारलं, "काकू, ही कुठल्या बाजूला?" शेजारच्या बायका पानातून मान वर काढत नव्हत्या, मी मात्र हसले. तुपाची धार सढळ होती. जिलब्या किती खाल्ल्या ते लिहीत नाही. माझी ही वही सुधीर अधूनमधून चाळतात असा मला संशय आहे.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

सुनीती पडली. पडली नाही, पाडली.

आम्ही दोघी रोजच्यासारख्या फुलं घेऊन येत होतो. ती खालच्या मजल्यावर राहते आणि गेली तीस वर्षं सकाळची फुलं आम्ही बरोबरच आणतो. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मागून एक माणूस धावत आला, तिच्या गळ्यातली साखळी ओढली आणि तिला ढकलून पुढे पळाला. सुनीती फुटपाथच्या कडेवर आदळली. मी ओरडले. कोपऱ्यावर त्याने एकदा वळून पाहिलं. निळा शर्ट, डोक्यावर टोपी. मग गेला.

खुब्याचं हाड मोडलंय. उद्या ऑपरेशन. स्ट्रेचरवर माझा हात धरून म्हणाली, "प्रमोदिनी, तू पाहिलंस ना त्याला? मी काहीच पाहिलं नाही गं." मी म्हटलं, पाहिलं.

चेहरा मात्र अजून येत नाही. डोळे मिटले की पाठ दिसते आणि रस्त्यावर पडलेली सुनीतीची चप्पल. पण येईल. मला येतोच.

१९ फेब्रुवारी

आला!

ऑपरेशन नीट झाल्याचा फोन आला. कालपासून आमच्या दोघांच्या पोटात काही नव्हतं म्हणून मऊ भात केला होता. सुधीरच्या भातावर तूप वाढत होते आणि तो चेहरा एकदम माझ्यासमोर उभा राहिला. लांबट, सावळा, उजव्या भुवईत चीर. अगदी जवळून पाहिल्यासारखा. तुपाची वाटी तशीच ठेवून मी पोलिसांकडे गेले.

फौजदार तरुण आहे, धनेश नावाचा. त्याने लिहून घेता घेता पेन थांबवलं. "बाई, एवढं बारीक सांगणारा साक्षीदार मला अजून भेटला नव्हता." मी म्हटलं, "चाळीस मुलांच्या वर्गात मागच्या बाकावर कोण चिंच खातोय हे मला फळ्याकडे तोंड करून कळायचं."

२४ फेब्रुवारी, सोमवार

पोलिसांच्या चित्रकारासमोर बसले. त्याला वाटलं, म्हातारी दोन-चार ढोबळ गोष्टी सांगेल. मी त्याला नाक दोनदा खोडायला लावलं. शेवटी चित्र असं उतरलं की मीच दचकले. हाच तो.

आता ते सगळ्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरतंय. सुधीरनी चष्मा कपाळावर चढवून पाहिलं. म्हणाले, "ह्याला मी कुठेतरी पाहिलंय गं."

"तुम्हाला सगळेच कुठेतरी पाहिल्यासारखे वाटतात. पंधरा दिवसांपूर्वी हॉलच्या मॅनेजरला मिठी मारलीत."

"तेही खरं," म्हणाले आणि पेपर वाचायला लागले.

३ मार्च

पकडला! चित्रावरून कोणीतरी कळवलं. साईनाथ पाष्टे, डोंबिवलीला मानपाड्यात राहतो. साखळी सापडली नाही, पण ती काय तो घरात ठेवणार आहे? वितळवून केव्हाच विकली असेल.

आणि काम काय करतो, तर वाढपी! लग्नाकार्यांत जेवणं वाढतो. धनेशने हे सांगितलं आणि माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. वाढता वाढता कोणाच्या गळ्यात काय आहे ते बघून ठेवायचं, मग माग काढायचा. सुनीतीला दवाखान्यात जाऊन सांगितलं. पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर रंग आला. म्हणाली, "तू होतीस म्हणून."

खरं सांगायचं तर मला फार बरं वाटलं.

२१ मार्च, शुक्रवार

तुरुंगात ओळख परेड झाली. नायब तहसीलदार होते. एका रांगेत साधारण एकाच अंगाची, एकाच वयाची माणसं उभी केलेली, आणि सगळ्यांच्या उजव्या भुवईवर चिकटपट्टी, म्हणजे चीर बघून कोणी ओळखू नये. मला हसूच आलं. पट्टी लावल्याने चेहरा झाकला जातो असं ह्यांना वाटतं.

मी रांगेसमोरून एकदाच गेले. तो डावीकडून तिसरा होता. मी समोर उभी राहिले आणि बोट दाखवलं.

एक गोष्ट मात्र मनात राहिली. मी दारातून आत आले, अजून कोणाकडे नीट पाहिलंही नव्हतं, तेव्हाच तो हसला. भीतीने नाही, अगदी तोंडभर. बाकीचे सगळे भिंतीकडे बघत होते. म्हणजे त्यानेही मला ओळखलं! ज्याने त्या दिवशी कोपऱ्यावर वळून मला पाहिलं तोच मला ओळखणार, दुसरा कशाला ओळखेल? मी हे तहसीलदारांना सांगितलं. त्यांनी विचारलं, "याआधी तुम्ही त्याला कुठे पाहिलं होतं?" मी म्हटलं, "त्या सकाळी रस्त्यावर. त्याआधी कधीही नाही." खाली सही केली, ठसठशीत.

बोट दाखवल्यावर त्याचं हसू गेलं. निर्लज्ज मेला.

६ एप्रिल, रविवार

दुपारी बेल वाजली. दारात पन्नाशीची बाई, घामाघूम, हातात पिशवी. मालन म्हणून. डोंबिवलीत केटरिंगचं काम घेते, साईनाथ तिच्याकडे कामाला. मी आत घेतलं नाही, पाणी मात्र दिलं.

"बाई, देवाशप्पथ सांगते, त्या दिवशी साईनाथ सकाळी सहापासून माझ्याकडेच होता. मानपाड्याला लग्न होतं. नाश्ता, मग जेवण. चार वाजेपर्यंत त्याने पातेलं खाली ठेवलं नाही."

"मग लग्नाच्या व्हिडिओत असेलच की. दाखवा पोलिसांना."

ती एकदम रडवेली झाली. "तेच तर ना बाई. सगळा व्हिडिओ बघितला. नवरा-नवरी दिसतात, पाहुणे दिसतात, पोरं नाचतात. आणि आमच्या माणसांचा फक्त हात दिसतो. चमचा आन् हात. वाढप्याचं तोंड कोण घेतंय? पाहुण्यांना विचारलं, तर ते बोलतात, कोणीतरी वाढत होता. कोण ते नाही सांगता येणार."

मी म्हटलं, तुम्ही त्याच्या मालकीणबाई, तुम्ही त्याच्या बाजूनेच बोलणार. ती म्हणाली, "तुमच्या नौपाड्यातपण आम्ही कामं घेतो, आमचं नाव विचारा कोणालाही." बघा! म्हणजे इथल्या गल्ल्या त्याला पाठ आहेत, हे तिनेच कबूल केलं.

जाताना म्हणाली, "त्याची बायको पोटुशी आहे. साईनाथचा निरोप आहे, काकू चांगल्या आहेत, त्यांना नीट आठवायला सांगा."

मी चांगली आहे हे त्याला कोणी सांगितलं? लोणी लावायची कला मात्र आहे. दार लावलं. सुधीर आतून म्हणाले, "जरा ऐकून तरी घ्यायचंस." मी म्हटलं, "सुनीतीच्या वॉकरचा आवाज ऐका, मग मला सांगा."

१४ जून

सुनीती आज वॉकर घेऊन दारापर्यंत आली. फुलं आता मी एकटीच आणते आणि तिची तिला देते. ती एकटी बाहेर पडत नाही. मागे पावलं वाजली की भिंतीला चिकटते. आणि कोणे एके काळी ही बाई मैत्रिणींना घेऊन हिमालयात गेली होती.

मी तिला वचन दिलंय, त्याला सजा झालेली तुला दाखवीन.

११ नोव्हेंबर, मंगळवार

साक्ष झाली. आरोपी जामिनाविना आतच असल्यामुळे केस लवकर बोर्डावर आली म्हणे. नऊ महिने ह्यांच्या भाषेत लवकर!

पिंजऱ्यात उभी राहिले आणि वर्गात उभी असल्यासारखंच वाटलं. न्यायाधीश बाई आहेत, शांत. सरकारी वकिलांनी विचारलं, घटनेतला माणूस कोर्टात हजर आहे का? मी मागे बसलेल्या साईनाथकडे बोट दाखवलं. तो वाळलाय. "किती खात्री आहे?" "शंभर टक्के." न्यायाधीशबाईंनी ते तसंच टाइप करायला सांगितलं.

त्याच्या बाजूने सरकारने दिलेली वकील आहे, ऋजुता म्हणून, माझ्या शेवटच्या बॅचच्या मुलींएवढी. तिने उलटतपासणीला पुढची तारीख मागितली. बाहेर एक मुलगी कडेवर तान्हं बाळ घेऊन उभी होती. ती समीक्षा, त्याची बायको, असं कोणीतरी म्हणालं. मी तिच्याकडे पाहिलं नाही. माझा काय दोष?

२३ नोव्हेंबर, रविवार

आज जे झालं ते सरळ लिहिते.

वरच्या मजल्यावरच्या अंतराचं लग्न होतं. जवळच्याच हॉलमध्ये, आणि म्हाताऱ्यांसाठी मुद्दाम एक पंगत. मी आणि सुधीर शेजारी बसलो. वाढपी आला, गोरा, गोल चेहऱ्याचा मुलगा. त्याने कोशिंबीर उजवीकडे वाढली.

मी म्हटलं, "अरे, कोशिंबीर डावीकडे. उजवी बाजू भाजीची." आणि सवयीने मान वर केली.

तो मुलगा वाकलेला होता. मी खालून वर बघत होते. पलीकडे कोणीतरी तुपाचं भांडं घेऊन येत होतं. आणि त्या मुलाच्या जागी मला साईनाथ दिसला. असाच वाकलेला. भुवईत चीर. "चुकलं काकू. बोटाने दाखवा, तिथेच वाढतो." माझं बोट अजून पानावरच होतं.

शौनकची मुंज. तिथे पाहिलं मी त्याला. म्हणून तो चेहरा एवढा जवळून दिसतो, म्हणून खालून दिसतो, म्हणून सोबत तुपाचा वास येतो. रस्त्यावर पळणाऱ्या माणसाच्या अंगाला कुठला आलाय तुपाचा वास?

सुधीर म्हणाले, "काय झालं? जेव ना." मी उठले. पंगतीतून आयुष्यात पहिल्यांदा अशी मध्येच उठले. हात धुऊन नणंदेला फोन लावला. मुंजीचं जेवण कोणाचं होतं? म्हणाली, "डोंबिवलीच्या एक मालनबाई आहेत, छान करतात. का गं, नंबर हवाय?"

२४ नोव्हेंबर

दिवसभर स्वतःशी भांडले. असं कशावरून नाही की मुंजीत वाढणारा तोच आणि साखळी ओढणाराही तोच? तिथेच त्याने सुनीतीची साखळी हेरली असेल. पण सुनीती मुंजीला नव्हतीच. ती त्या दिवशी भाचीकडे गेली होती.

मग सरळ स्वतःला विचारलं, वर्गात विचारायचे तसं. प्रमोदिनी, कोपऱ्यावर वळून पाहिलं तेव्हा काय दिसलं? टोपी दिसली. टोपीखाली? टोपीखाली काही नाही. त्या रात्री मला फक्त पाठ दिसत होती. दुसऱ्या दिवशी मला चेहरा हवा होता, सुनीतीला वचन दिलं होतं, आणि मनाने जवळ होता तो चेहरा तिथे नेऊन बसवला. चेहरा अगदी बरोबर. ठिकाण चुकलं. सलिलने गोदावरी अरबी समुद्रात सोडली तेव्हा मी त्याला बाकावर उभं केलं होतं.

सुधीरना सांगितलं. मला वाटलं होतं, आता आयुष्यभर चिडवणार. नाही चिडवलं. जवळ बसले आणि म्हणाले, "तेव्हा मीही म्हटलं होतं गं, कुठेतरी पाहिलंय. पण माझं मला तरी कुठे खरं वाटतं?" मग मीच रडले.

२६ नोव्हेंबर

सुनीतीला सांगणं सगळ्यात कठीण. तिने पूर्ण ऐकलं. खूप वेळ वॉकरच्या मुठीवरचं रबर खरवडत राहिली.

"म्हणजे तो सुटणार."

"हो."

"आणि ज्याने केलं तो तर केव्हाचाच मोकळा. मग मी रागवायचं कोणावर, ते तरी सांग."

"सध्या माझ्यावर रागव."

"रागावलेच आहे," ती म्हणाली. खरंच रागावली आहे. उद्या फुलं नको म्हणाली.

वर येऊन जिन्यातच बसले. मी गप्प राहिले तर ह्यातलं कोणालाही कधीच कळणार नाही. साईनाथला सजा होईल, सुनीती परत माझ्याबरोबर फुलांना येईल, आणि मी सगळ्यांची हुशार बाई राहीन. हा विचार मनात आला, हेही लिहून ठेवते. फार वेळ टिकला नाही. ते बाळ आठवलं.

सरकारी वकिलांना फोन करून सगळं सांगितलं. ते म्हणाले, "जे सांगायचं ते शपथेवर सांगा. पण मला तुम्हाला प्रश्न विचारावे लागतील, आणि ते गोड नसतील."

म्हटलं, विचारा.

२ डिसेंबर, मंगळवार

आजचा दिवस कोणी सांगितला असता तर मी खोटं म्हटलं असतं.

उलटतपासणी सुरू झाली. मी तयार होऊन गेले होते. आणि ती ऋजुता मला विचारते काय, तर चष्म्याचा नंबर! मोतीबिंदूचं ऑपरेशन केव्हा झालं, कोपरा किती लांब होता, ऊन डोळ्यांवर होतं का. मी सगळ्याला खणखणीत उत्तरं देत होते आणि मनात म्हणत होते, अगं मुली, चुकीचा धडा वाचून आली आहेस. प्रत्येक उत्तरागणिक तिच्या अशिलाची मान खाली चाललेली. शेवटी ती कागद आवरायला लागली.

मी न्यायाधीशबाईंकडे वळले. "मॅडम, ह्यांना योग्य प्रश्न सुचत नाहीये. मीच सांगू का?"

ऋजुता पांढरीफटक पडली. "मॅडम, माझे प्रश्न संपले, मला काही विचारायचं नाही." तिला वाटलं, म्हातारी आता शेवटचा खिळा ठोकते.

न्यायाधीशबाई म्हणाल्या, "सांगू द्या त्यांना."

मी सांगितलं. मुंज, पंगत, कोशिंबीर, जिलबी, तूप, सगळं. टायपिस्टने मध्येच थांबून विचारलं, "कोशिंबीर लिहायचं?" न्यायाधीशबाई म्हणाल्या, "लिहा." साईनाथने मान वर केली. तो माझ्याकडे बघत राहिला.

मग सरकारी वकील उठले. मी फितूर झाले असं म्हणून त्यांनी मला प्रश्न विचारायची परवानगी घेतली. फितूर! आयुष्यात हा शब्द मला कोणी लावेल असं वाटलं नव्हतं.

"आरोपीच्या लोकांनी तुम्हाला पैसे दिले?"

"नाही."

"धमकी दिली?"

"मला धमकी देणारा अजून जन्माला यायचाय."

"मागच्या तारखेला तुम्ही शंभर टक्के खात्री म्हणालात. आज तुमची खात्री कुठे गेली?"

"कुठेही गेली नाही. ह्या मुलाचा चेहरा मी शंभर टक्के ओळखते. त्याने मला जेवायला वाढलं होतं. रस्त्यावरच्या माणसाचा चेहरा मी पाहिलाच नाही. टोपी पाहिली आणि पाठ पाहिली. तिथे चेहरा मी बसवला. त्याने नाही, मी."

"मग गुन्हा कोणी केला?"

"मला माहीत नाही." हे वाक्य वर्गात मी कधी उच्चारलं नव्हतं. आज मोठ्याने उच्चारलं आणि खाली बसले नाही, उभीच राहिले.

बाहेर ऋजुता धावत आली. "मॅम, साईनाथ मला पहिल्या दिवसापासून सांगत होता, ह्या काकूंना मी मुंजीत वाढलंय. मीच म्हटलं, हे बोलू नकोस. ते म्हणतील, तिथेच पाळत ठेवली." तिचे डोळे भरले होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. चूक तिच्यापेक्षा माझी मोठी होती.

मला राहून राहून एक गोष्ट खाते. मानपाड्याच्या त्या लग्नात शेकडो माणसं त्याच्या हातचं जेवली आणि एकालाही त्याचं तोंड आठवलं नाही. कोणी मान वर करून पाहिलं असतं तर तो सुटला असता. आणि जिने पाहिलं, लक्षात ठेवलं, ती एकटी मी. मी त्याला आत घातलं.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मालनबाईंचीही साक्ष झाली होती. आज निकाल लागला. निर्दोष.

घरी आले तर दाराच्या कडीला फुलांची पुडी लटकवलेली. सुनीती एकटी जाऊन आली होती, वॉकर घेऊन. बोलली नाही, पण पुडीत माझा चाफा होता.

२८ डिसेंबर, रविवार

मानपाड्याला गेलो. सुधीर म्हणाले, मीही येतो, तुला रस्ता सापडेल पण तोंड उघडायला धीर लागेल. उगीच बोलत नाहीत ते. रिक्षातून उतरल्यावर पत्ता त्यांनीच विचारला.

मालनबाईंच्या स्वयंपाकाच्या शेडमध्ये मोठमोठी पातेली पालथी घातलेली. साईनाथ कोथिंबीर निवडत होता. समीक्षाने चटईवर बाळ ठेवलं होतं. मुलगी आहे, नुकतीच पालथी पडायला लागली आहे. तो हे सगळं पहिल्यांदा बघतोय.

मी हात जोडले. पाठ करून गेलेलं एकही वाक्य आठवलं नाही. म्हटलं, "माझं चुकलं रे."

मालनबाई चुलीपाशी पाठ करून उभ्या होत्या, त्या वळल्या नाहीत. त्यांचा राग मला पटला. समीक्षा बाळाकडे बघत राहिली. साईनाथ उठला, हात पुसले आणि म्हणाला, "काकू, जेवायची वेळ झालीय. बसा."

नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. चटईवर बसलो. त्याने पानं मांडली, मीठ वाढलं, लिंबू, चटणी. मग कोशिंबीर. डावीकडे. "तुम्ही बोललेलात ना, तेव्हापासून चुकत नाही," तो म्हणाला.

मी विचारलं, "तुरुंगात, त्या रांगेत, मी आत आले तेव्हा तू हसलास. का रे हसलास?"

त्याने हातातलं भाताचं पातेलं खाली ठेवलं.

"काकू, मला पकडल्यापासून घरचं कोणी भेटलं नव्हतं. सगळी तोंडं परकी. आणि दारातून तुम्ही आलात. मला वाटलं, अरे, ह्या तर कोशिंबीरवाल्या काकू. ह्या बघतील आणि सांगतील, हा आमच्या मुंजीतला पोरगा आहे, ह्याला सोडा. मला वाटलं, सुटलो."

मग त्याने विचारलं, "भात वाढू?"

मी हो म्हटलं. मान वर करून नाही. पानाकडे बघत.